बघायला आलेली माणसं

लातूर जिल्हा नवा-नवा होता तेव्हा मी नांदेडहून तिथं नोकरीला गेले. कचेऱ्या भाड्याच्या घरांत होत्या. पाट्यांवरचं ‘उस्मानाबाद’ खोडून वर ‘लातूर’ लिहिलेलं असायचं आणि कडक ऊन पडलं की खालचं जुनं नाव पुन्हा दिसायला लागायचं. ऊन तर कडकच होतं. पाऊस नीट पडून दोन वर्षं झाली होती आणि निलंग्याच्या बाजूला विहिरींचे तळ कोरडे पडून भेगाळले होते.

माझी नोकरी दुभाष्याची होती. एका परदेशी मदत संस्थेनं निलंगा तालुक्यात बोअर पाडून हापसे बसवायचं काम घेतलं होतं. जमिनीत पाणी कुठं असेल हे सांगायला त्यांनी हॉलंडहून एक बाई पाठवली होती, भूगर्भशास्त्र शिकलेली. ती बोलेल ते गावाला सांगायचं आणि गाव बोलेल ते तिला. मी इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली, एवढ्या भांडवलावर मला घेतलं होतं.

आईला ही नोकरी पसंत नव्हती. “जीपमध्ये बसून गावोगाव फिरायचं. लोक काय म्हणतील?”

वडील रेल्वेत होते, कमी बोलायचे. ते म्हणाले, “लोक काय म्हणतात तेच तर इंग्रजीत सांगायचा पगार देऊन राहिले तिला.”

बाई पहिल्यांदा पाहिली तेव्हा मीही तोंड उघडं टाकून बघितलं होतं, हे आधीच सांगते. आमच्या जीपच्या टपापेक्षा तिचं डोकं वर. केस मक्याच्या कणसाला असतात तसे, आणि पुरुषासारखे कापलेले. चेहऱ्यावर, हातांवर बारीक तांबूस ठिपके. वय पस्तिशीच्या आसपास असेल. चालायची इतक्या लांब ढांगा टाकत की मला तिच्यामागं जवळजवळ पळावं लागे. आमचे ड्रायव्हर लातूरच्या जुन्या मुसलमान घरातले, पिकलेल्या दाढीचे, त्यांना मी चाचा म्हणायची. चाचांनी तिला खालून वरपर्यंत बघितलं आणि मला हळूच म्हणाले, “बेटी, ये बैठेंगी किधर? घुटने तो बोनट पे आएंगे!”

“काय म्हणाले ते?” बाईनं लगेच विचारलं.

मी घुटमळले. म्हटलं, “सगळं सांगायचं का?”

“सगळं. तू गाळलंस तर मला कळतं. ते खूप वेळ बोलतात आणि तू थोडंच सांगतेस.”

मी सांगितलं. ती मोठ्यानं हसली आणि खरोखर गुडघे छातीशी घेऊन पुढच्या सीटवर बसून दाखवलं. त्या दिवसापासून माझं काम ठरलं. जे कानावर पडेल ते सगळं इंग्रजीत करायचं.

आणि कानावर काय-काय पडायचं! जीप गावात शिरली की पोरं मागं धावायची. बायका हातातलं काम टाकून दारात यायच्या. बाई जमिनीत लोखंडी सळ्या ठोकायची, त्यांना वायरी जोडायची, यंत्राचा काटा बघायची. गाव मात्र यंत्राकडं बघतच नव्हतं. “बाप्या हाय का बाई?” “अंगावर राळं सांडल्यावाणी काय हाय ते?” “केस कशापायी कापले? नवरा मेला असंल.” एका गावात कुणीतरी ‘उंटीण’ म्हटलं आणि ते नाव आमच्या आधीच पुढच्या गावात पोचायला लागलं.

“उंटीण म्हणजे?”

मी सांगितलं.

ती म्हणाली, “शाळेत मला जिराफ म्हणायचे. उंट त्यापेक्षा कामाचा.”

कर्नाटकाच्या हद्दीला लागून असलेल्या गावांत पोरं वेगळंच ओरडायची, “नोड! नोड!” मला वाटलं ही हाक मारायची रीत असेल. बाईला वाटलं नमस्कार असेल. तीही हात हलवून सगळ्यांना “नोड! नोड!” म्हणायची आणि गावच्या गाव हसून लोळायचं. बऱ्याच दिवसांनी चाचांनी सांगितलं की कानडीत ‘नोड’ म्हणजे ‘बघ’. पोरं एकमेकांना म्हणत होती, बघ, बघ. आणि ही त्यांनाच उलट म्हणत होती, बघ, बघ. कळल्यावरही तिनं ते सोडलं नाही. “बरोबरच तर बोलत होते मी,” म्हणाली.

सुरुवातीला तिला या सगळ्याची गंमत वाटायची. पण गंमत रोज उठून किती दिवस चालणार? जेवायला बसली तर भोवती रिंगण. भाकरी कशी मोडते, तिखट लागल्यावर डोळ्यांत पाणी येतं का, हे बघायला माणसं उकिडवी बसायची. आडोशाला जायचं तर सगळ्यात अवघड. मी पुढं होऊन बायकांना थोपवायची, तरी दोघी-चौघी टेकाडावर चढून उभ्याच. एका गावात एक बाई होती, दंडावर भरगच्च गोंदलेलं. ती आमच्या मागं मागं येऊन बाईच्या चालण्याची हुबेहूब नक्कल करायची, पदर खोचून, मान पुढं काढून, लांब ढांगा टाकत. इतकी हुबेहूब की मलाही हसू आवरायचं नाही. आम्ही तिला आपसात गोंदणवाली म्हणायला लागलो.

त्याच गावात एका मोठ्या घरी आम्हांला चहाला बोलावलं. ओसरीवर सतरंजी टाकली होती. घरधनीण बाईच्या केसांना हात लावून झाल्यावर माझ्याकडं वळली.

“तुमी नांदेडच्या म्हणं. आडनाव काय?”

मी सांगितलं. ती “हां” म्हणाली आणि आत गेली. चहा आला तेव्हा बाईला फुलाफुलांची कपबशी होती, चाचांना काचेचा ग्लास. माझा कप वेगळ्या कोपऱ्यातून आला, कान तुटलेला. तो माझ्या हातात दिला नाही, समोर जमिनीवर ठेवला. मी म्हटलं, मी चहा घेत नाही. कुणी आग्रह केला नाही.

जीपमध्ये बसल्यावर बाईनं विचारलं, “तुझा कप तसा का होता?”

मी तिला सांगितलं. आम्ही बौद्ध. माझ्या जन्माच्या आधी आमच्या घरानं दीक्षा घेतली, तरी गावाला आडनावावरून जुनी जात कळते. ती कळली की कप वेगळा होतो.

“पण कुणी तुला काही बोललं नाही.”

“बोलत नाहीत.”

“हसलंही नाही. बघितलंही नाही तुझ्याकडं.”

“नाही.”

ती पुढच्या सीटवरून माझ्याकडं वळून बसली. मग म्हणाली, “मला कळत नाही. मी इतकी परकी, तर मला ओसरीवर घेतात. तू त्यांच्याच भाषेतली, आणि तू...” चाचा पुढं बघत जीप चालवत म्हणाले, “उनकू समझा मत बेटी. हमकू बी नहीं समझा अब तक.” मी तेही इंग्रजीत केलं.

थंडी सुरू व्हायच्या आधी कधीतरी तिचा तोल गेला. एका गावात आम्ही कडुनिंबाखाली डबा उघडला होता. रिंगण नेहमीचंच. तिनं घास तोंडात घातला आणि पहिल्या रांगेतल्या एका माणसानं तिच्याबरोबर तोंड हलवून दाखवलं. लोक हसले. तिनं भाकरी खाली ठेवली, उठली, जीपमध्ये जाऊन तोंडावर टॉवेल टाकून बसली. मी गेले तर टॉवेलाच्या आतून म्हणाली, “त्यांना विचार, मी त्यांचं काय केलंय?”

मी कुणाला काही विचारलं नाही, कारण विचारायला तिथं कोणी थांबलंच नव्हतं. बाई जीपमध्ये गेल्याबरोबर गर्दी पांगली होती. चाचा म्हणाले, हिला थोडी हवा पालटू दे. तेव्हा दसऱ्याच्या सुट्टीत मी तिला नांदेडला आमच्या घरी नेलं.

आमच्या वस्तीत बातमी आमच्या आधी पोचली होती. दारात, खिडकीत, शेजारच्या भिंतीवर, जिथं म्हणून माणूस मावेल तिथं माणूस. बाई माझ्याकडं बघून म्हणाली, “इथंही?” मला लाजल्यासारखं झालं. पण आईनं सरळ दार लावून घेतलं आणि आतून ओरडली, “आधी जेवू द्या तिला! उपाशी माणसाकडं काय बघून राहिल्या?”

आईनं तिला वरण-भात, वांग्याची भाजी आणि दुधात कुस्करलेली पोळी वाढली. तिखटाला घाबरते हे मी सांगितलं होतं. जेवण होईपर्यंत बाहेर कुजबुज चालली होती, पण दार कुणी ढकललं नाही. मग आईनं पितळी तांब्या भरून ठेवला, चटई अंथरली, दार उघडलं आणि म्हणाली, “या आता. बसा. उभ्यानं नका बघू. ज्याला जे विचारायचं ते विचारा. आणि ती विचारंल ते बी सांगायचं, हां!”

त्या दुपारी काय-काय विचारलं गेलं! आईबाप आहेत का. लग्न का नाही केलं. एकटी एवढ्या लांब आली तर आईनं कसं सोडलं. ठिपके धुतल्यावर जातात का. तिच्या देशात पाणी किती आहे, यावर ती म्हणाली की आमचा देश समुद्रापेक्षा खाली आहे, आम्ही बांध घालून आणि पंप लावून पाणी बाहेर काढून टाकतो. हे मी मराठीत सांगितलं.

“काढून टाकतात? पाणी?” आई म्हणाली. “तू नीट सांगून राहिलीस ना?”

मी पुन्हा विचारून घेतलं. तेच खरं होतं. शेजारची एक काकू म्हणाली, “मग हिकडं फेका म्हणाव.” बाईला सांगितल्यावर ती पोटावर हात धरून हसली. मग तिची पाळी आली. तिनं विचारलं, तुमच्या घरात बुद्धाशेजारी हा सूट घातलेला माणूस कोण? तुम्ही कपाळाला कुंकू का लावत नाही? नवरे भांडतात तेव्हा तुम्ही काय करता? या शेवटच्या प्रश्नाला इतकी उत्तरं एकदम आली की मला भाषांतर जमेना.

परत लातूरला जाताना एस.टी.त ती म्हणाली, “तुझ्या आईनं फक्त त्यांना बसवलं. बाकी काही केलं नाही.”

“हो.”

“आपण पण बसवू.”

गोंदणवालीच्या गावात तिनं ते केलं. यंत्राचं काम आटोपल्यावर ती मारुतीच्या पारावर न जाता वेशीबाहेरच्या चिंचेखाली बसली, जिथं कुणालाही येता येईल. मला म्हणाली, “सांग त्यांना. एकदा पोटभर बघून घ्या. बसून बघा. मग मी विचारीन.”

मी सांगितलं. आधी कोणी बसेना. माणसं उभ्यानं चुळबुळ करत राहिली, निम्मी निघून गेली. मग एक म्हातारी काठी टेकत आली, बाईच्या अगदी समोर बसली आणि तिचा हात हातात घेऊन ठिपक्यांवरून अंगठा घासून बघितला. “जात न्हाईत,” तिनं मागच्यांना सांगितलं. तेव्हा बाकीच्या बसल्या. गोंदणवालीही आली.

पुन्हा तेच प्रश्न झाले. नवरा, आईबाप, केस. ते संपल्यावर बाईनं विचारलं, “तुम्ही माझ्याकडं इतकं का बघता? मी वाईट दिसते का?”

मी शब्दाला शब्द लावून सांगितलं. बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. उत्तर म्हातारीनं दिलं.

“वंगाळ कशाला दिसशील? आगं, बघायला दुसरं हाय काय? रानात पीक न्हाई. बैलं बाजारात गेली. यंदा गावात एक लगीन न्हाई, जत्रा न्हाई. मानसं खडी फोडाया जात्यात आन् येत्यात. तू आलीस तर बघितलं. उद्या जाशील, मग तुझं बोलत बसू चार म्हयने.”

मी हे इंग्रजीत करत होते तेव्हा बाई माझ्याकडं न बघता म्हातारीकडंच बघत होती. पापणी लवत नव्हती. मग ती म्हणाली, “अजून एक विचार. त्या घरी माझा कप वेगळा आणि तुझा कप वेगळा का होता?”

मी तिच्याकडं पाहिलं. ती वाट बघत होती. दुभाष्यानं स्वतःबद्दलचा प्रश्न कसा विचारायचा हे मला कुणी शिकवलं नव्हतं. मी ‘माझा कप’ म्हणाले असते तर तो माझाच प्रश्न झाला असता. म्हणून मी म्हणाले, “मडम विचारतात, हिचा कप वेगळा का होता?” आणि स्वतःकडं बोट दाखवलं.

म्हातारी काठीनं मातीत रेघ ओढत म्हणाली, “ते आमाला न्हाई इचारायचं. आमच्या आधीपासनं हाय ते.”

गोंदणवाली पटकन म्हणाली, “आमच्या घरी तर कपच एक हाय. त्यो बी पालथा. साखर न्हाई, पत्ती न्हाई.” बायका हसल्या, मोकळ्या झाल्या, उठायला लागल्या. मी तेही सांगितलं, हसण्यासकट. उत्तर मिळालं नाही हे बाईला समजलं. पण जाताना गोंदणवाली माझ्याजवळ थांबली आणि खालच्या आवाजात म्हणाली, “तुमी बोट सोताकडं केलं, ते बरं केलं.” म्हणजे काय, हे मी तिला विचारायच्या आत ती निघून गेली.

संक्रांतीनंतर त्या गावात बोअर पाडायची रिग गाडी आली. धुरळा आणि आवाज इतका की कानावर हात ठेवावे लागले. सगळं गाव जमलं होतं, म्हातारीसुद्धा. बाईनं दाखवलेल्या जागी दिवसभर बोअर खाली-खाली गेली आणि नुसती राखेसारखी पूड वर येत राहिली. काळ्या पाषाणाची पूड. संध्याकाळी गाडी बंद झाली.

कुणी हसलं नाही. कुणी उंटीण म्हटलं नाही. गाव तिच्याकडं बघत होतं, पण ते बघणं निराळं होतं, मलाही ते झेलवेना. बाईचे केस, भुवया, सगळं पुडीनं राखाडी झालं होतं. ती मला म्हणाली, “काहीतरी म्हणाले का?”

“नाही.”

“म्हणायला पाहिजे होतं,” ती म्हणाली.

दुसरी जागा तिनं गावाच्या आणि बौद्धवस्तीच्या मधल्या गायरानात काढली. तिथं जागा का, यावरून गावात कुरबूर झाली. सरपंच म्हणाले, देवळाजवळ बघा. बाई म्हणाली, “पाणी मला विचारून जागा ठरवत नाही.” सरपंचांना हे वाक्य आवडलेलं दिसलं. त्यांनी पुढं कुणी बोललं की तेच ऐकवलं.

तिथं दुपारी आवाज बदलला. पूड ओली झाली, मग चिखल आला, आणि एकदम धप्पकन गढूळ पाण्याचा लोट हवेच्या जोरानं वर उसळला आणि सगळ्यांच्या अंगावर पडला. सरपंच, चाचा, मी, गोंदणवाली, वस्तीतली माणसं, कुणी कोरडं राहिलं नाही. बायका ओरडत होत्या, पोरं चिखलात लोळत होती. फार मोठं पाणी नव्हतं, एका हापशापुरतं. महिन्याभरानं मी गेले तेव्हा त्या हापशावर दोन रांगा लागलेल्या होत्या, गावाची पुढं आणि वस्तीची मागं, हेही मी बघितलं. पण त्या दुपारी रांग नव्हती.

गर्दीत मी बाईला शोधलं. ती सगळ्यांच्या वर डोकं काढून उभी होती आणि एकही माणूस तिच्याकडं बघत नव्हता. सगळे पाण्याकडं बघत होते. ती हसत होती, मग हसणं थोडं थांबलं आणि तिनं इकडंतिकडं नजर फिरवली, कुणी आहे का म्हणून. मग गोंदणवाली आली, तिनं बाईच्या चिखलानं भरलेल्या तोंडाकडं बोट दाखवलं आणि मोठ्यानं हसली. तेव्हा कुठं बाईचा जीव भांड्यात पडल्यासारखा वाटला मला.

होळीच्या सुमारास तिचं काम संपलं. मुंबईला जायच्या आधी तिला आईला भेटायचं होतं, म्हणून मी तिला नांदेड स्टेशनवर मनमाडच्या गाडीला बसवायला गेले. आईनं वाटेत खायला दशम्या बांधून दिल्या होत्या. फलाटावर ती म्हणाली, “घरी गेल्यावर मी दुकानात जाईन, ब्रेड घेईन, बाहेर येईन. कुणी मान वर करून बघणार नाही. आईबाप आहेत का, कुणी विचारणार नाही.”

“बरं वाटेल की तुम्हांला,” मी म्हटलं.

“माहीत नाही,” ती म्हणाली. “गेल्यावर कळेल.”

तेवढ्यात समोरच्या गाडीतून गुरुद्वाऱ्याच्या होळीसाठी आलेले निहंग शीख उतरायला लागले. निळे घोळदार अंगरखे, हातभर उंच निळ्या पगड्या, त्यांवर चमकणारी पोलादी चक्रं, कमरेला तलवारी. मी लहानपणापासून बघत आलेली, मला त्याचं काही नव्हतं. बाई मात्र बोलायची थांबली. दशम्यांची पिशवी छातीशी धरून, तोंड उघडं टाकून, ती त्यांच्याकडं एकटक बघत राहिली. एक पांढऱ्या दाढीचा निहंग तिच्यासमोरून जाताना थांबला. तिच्याइतकाच उंच होता. त्यानंही तिला खालून वरपर्यंत निवांत बघून घेतलं.

गाडीची शिट्टी झाली. मी तिचा दंड धरून म्हटलं, “मडम, गाडी!”

“एक मिनिट,” ती म्हणाली. “मला बघू दे.”